हरकती व सूचना : ऑन्टारिओच्या प्रीमियरना खुलं पत्र

प्रति,
मा. डग फोर्ड,
प्रीमियर (मुख्यमंत्री), ऑन्टारिओ प्रांत,
क्वीन्स पार्क, टोरोंटो

स. न. वि. वि.

२०२२ च्या नोव्हेंबरात मी तुमच्या सरकारकडे एक हरकत नोंदवली होती. आयुष्यातली पहिलीच. कामावरून आले, कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसले. तुमच्या गृहनिर्माण खात्याचा प्रस्ताव ४ नोव्हेंबरला जाहीर झाला होता. टोरोंटोभोवतीच्या हरितपट्ट्यातून, म्हणजे ग्रीनबेल्टमधून, १५ ठिकाणची ७,४०० एकर जमीन वगळायची, तिच्यावर किमान ५०,००० घरं बांधायची आणि बदल्यात दुसरीकडची ९,४०० एकर पट्ट्यात घालायची. हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत होती. मी चार परिच्छेद लिहिले, दोनदा वाचले, एक चिडका शब्द खोडला आणि पाठवून दिले.

माझ्यासारख्या ३५,००० हून जास्त लोकांनी लिहिलं. त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं 'नको' असंच होतं. डिसेंबरात प्रस्ताव होता तसा मंजूर झाला. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला जे लिहून झालं होतं, ते कोणी उघडून वाचलं का, हे मला अजून कळलेलं नाही.

हे पत्र मराठीत आहे, कारण ते तुमच्याइतकंच माझ्या माणसांसाठीही आहे. तुमच्या कार्यालयाला इंग्रजी प्रत वेगळी पाठवते आहे. पण मराठीला आणखी एक कारण आहे. हरितपट्टा का उघडायचा, हे सांगताना तुम्ही वारंवार आमच्याकडे बोट दाखवलंत. दर वर्षी लाखो नवे लोक कॅनडात येणार, त्यातले पुष्कळसे ऑन्टारिओत, मग त्यांना घरं कुठून आणायची? ऐकताना हा कळवळा वाटतो. प्रत्यक्षात भाव वधारला भलत्यांच्याच जमिनीचा आणि पावती फाडली आमच्या नावाने. ज्यांच्या नावाची पावती आहे त्यांनी ती एकदा उजेडात धरून वाचावी, म्हणून ही मराठी.

थोडं माझ्याविषयी. मी सोळा वर्षांपूर्वी कुर्ल्याहून इथे आले. मिसिसागाच्या पूर्व टोकाला, एटोबिको क्रीकपासून चालत दहा मिनिटांवर राहते. पेशाने हिशेबनीस आहे. दुसऱ्यांच्या वह्या तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. घरांच्या टंचाईवर मला कोणी व्याख्यान देऊ नये. माझा मुलगा निम्मा पगार भाड्यात घालतो, आणि आमच्या गल्लीत एकेका बेसमेंटमध्ये सहा-सहा विद्यार्थी राहिलेले मी पाहिले आहेत. घरं हवीतच, आणि लवकर हवीत. पण तुम्हीच नेमलेल्या गृहनिर्माण कृतिदलाने फेब्रुवारी २०२२ मध्ये लिहून दिलं होतं, की जमिनीची टंचाई हे या दुखण्याचं मूळ नाही. शहरांच्या आत जमीन आहे आणि हरितपट्ट्याबाहेरही आहे. डॉक्टर तुम्ही आणलेला, निदान त्याने केलेलं, आणि औषध तिसऱ्याच आजाराचं.

आता आधी जुनी गोष्ट, कारण नवी तिच्यातूनच निघते.

हरितपट्टा २००५ सालचा. नायगाराच्या फळबागांपासून ओक रिजेस मोरेनच्या टेकड्यांपर्यंत आणि हॉलंड मार्शच्या काळ्या मातीपर्यंत सुमारे वीस लाख एकर. आपल्या डब्यात जाणारं इथलं गाजर आणि कांदा बऱ्याचदा त्या मार्शमधला असतो. २०१८ च्या निवडणुकीआधी तुम्ही या पट्ट्याचा मोठा तुकडा उघडण्याविषयी बोलल्याची चित्रफीत बाहेर आली. लोक भडकले, तेव्हा पट्ट्याला हात लावणार नाही असा शब्द तुम्ही दिलात. चार वर्षांनी हात लागला.

९ ऑगस्ट २०२३ ला तत्कालीन महालेखापरीक्षक बॉनी लायसिक यांचा अहवाल आला. मी तो पेन्सिल हातात घेऊन वाचला. सवय. वगळलेल्या १५ पैकी १४ जागा अधिकाऱ्यांनी निवडल्याच नव्हत्या, त्या गृहनिर्माणमंत्र्यांच्या प्रमुख सहायकाने पुढे केल्या होत्या. बांधकाम व्यावसायिकांच्या एका मेजवानीत दोन बड्या बिल्डरांनी त्यांच्या हाती पाकिटं दिली. मराठीत 'पाकीट' म्हटलं की नाकाला वेगळाच वास येतो, म्हणून स्पष्ट करते : त्यांत नोटा नव्हत्या, जमिनींची माहिती होती. पण त्या मेजवानीत भेटलेल्या या दोघांकडून ज्या पाच जागा आल्या, त्यांतच वगळलेल्या एकूण क्षेत्राचा सुमारे ९२ टक्के भाग होता. आणि जमिनीचा शिक्का बदलल्याने मालकांच्या पदरात पडू शकणारी वाढ लेखापरीक्षकांनी मांडली ८.३ अब्ज डॉलर.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. जमीन 'एनए' होणार ही कुजबूज आधी कोणाच्या कानावर जाते, रस्त्याची आखणी कोणाला आधी दिसते, झोन बदलायच्या आदल्या वर्षी सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढतं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. इथे फरक एवढाच वाटला होता, की इथे कोणीतरी ते लिहून ठेवतं आणि ज्याने केलं त्याला जावं लागतं. तसं झालंही. सहायक गेले. ३० ऑगस्टला सचोटी आयुक्त जे. डेव्हिड वेक यांनी गृहनिर्माणमंत्री स्टीव्ह क्लार्क यांनी सदस्य सचोटी कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला, आणि ४ सप्टेंबरला मंत्रीही गेले. २१ सप्टेंबरला नायगारा फॉल्समध्ये तुम्ही उभे राहिलात, शब्द मोडल्याचं कबूल केलंत, माफी मागितलीत. डिसेंबरात कायदा करून जमिनी परत पट्ट्यात आल्या. आरसीएमपीने, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसांनी, तपास सुरू केला. त्यांचं काम त्यांनी करावं, त्यात मी बोलणार नाही.

ती माफी मी मनापासून स्वीकारली होती. राजकारणी माणूस कॅमेऱ्यासमोर 'चुकलो' म्हणतो हे मी कुर्ल्यात क्वचितच पाहिलं होतं. मंडळाच्या हळदीकुंकवातही मी तुमची बाजू घेतली, आणि त्यासाठी ऐकूनही घेतलं.

पण त्यानंतर जे घडत गेलं ते पाहता मला वाटू लागलं आहे, की तुम्ही त्या प्रकरणातून धडा घेतलात खरा, पण तो आम्हाला वाटला तो नव्हता. आम्ही समजलो, की लोकांना विचारल्याशिवाय करू नये. तुम्ही शिकलात, की विचारावंच लागू नये अशी सोय करून ठेवावी. माझी खरी तक्रार ही आहे. बाकीच्या तिच्या फांद्या.

खरं म्हणजे ही सोय जुनीच. १९९३ च्या पर्यावरण हक्क कायद्याने ऑन्टारिओतल्या माणसाला हरकत नोंदवण्याचा अधिकार दिला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला विधिमंडळाला उत्तरदायी असा स्वतंत्र पर्यावरण आयुक्त दिला. तुम्ही सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच ते कार्यालय बंद करायचं ठरलं, आणि १ एप्रिल २०१९ पासून त्यातलं थोडं काम महालेखापरीक्षकांकडे गेलं. २०२० च्या जुलैत करोनाच्या धामधुमीत विधेयक १९७ आलं आणि पर्यावरण मूल्यांकनाच्या कायद्यासकट बरंच काही बदललं. सार्वजनिक सल्लामसलत आधी झाली नाही. पुढच्या वर्षी विभागीय न्यायालयाने सांगितलं, की यात मंत्र्यांनी कायदा पाळला नाही. कायदा मात्र राहिला. तेव्हा माझं लक्ष नव्हतं. आमचं कोणाचंच नव्हतं. आम्ही सॅनिटायझर शोधत होतो.

मग आला महामार्ग ४१३. मिल्टनच्या बाजूने निघून कॅलेडनच्या शेतांतून वॉनपर्यंत, पन्नासहून अधिक किलोमीटर. आधीच्या सरकारने २०१८ च्या सुरुवातीला तो रद्द केला होता, तुम्ही परत काढलात. आधीच्या तज्ज्ञ समितीचा हिशेब होता, की या रस्त्याने दर फेरीमागे सरासरी ३० ते ६० सेकंद वाचतील. तुमचं सरकार म्हणतं, ३० मिनिटं. हिशेबनीस म्हणून सांगते, हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. सरासरी कोणाची काढली यावर ते ठरतं. सगळ्या प्रदेशातल्या सगळ्या गाड्या धरल्या तर सेकंद, आणि ऐन गर्दीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी एकच गाडी धरली तर मिनिटं. असा वाद असतो तेव्हा दोन्ही वह्या शेजारी ठेवून लोकांसमोर तपासायच्या असतात. पर्यावरण मूल्यांकन म्हणजे दुसरं काय असतं? नोव्हेंबर २०२४ मध्ये विधेयक २१२ करून तुम्ही या रस्त्याला त्या मूल्यांकनाच्या कायद्यातून सूट दिलीत. वही मिटली.

इथे माझ्याच माणसांना एक टोमणा. 'कॅलेडनमध्ये आत्ताच बुक करा, ४१३ येतोय' हे संदेश मला मराठी ग्रुपवरच आले. गणपतीच्या मंडपात येऊन उपरणं घालून फोटो काढणाऱ्या उमेदवाराला आम्ही शाल-श्रीफळ देतो, पण ओढ्याच्या काठावर काय बांधताय असं विचारत नाही. मी एका आमदाराच्या कार्यालयाला लिहून विचारलं. नाव सांगत नाही, कारण उत्तर छापील होतं आणि छापील उत्तर कोणाचंही असू शकतं.

तिसरी गोष्ट रात्रीची. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. गोरेगावला राहणारी माझी बहीण फोनवर रडत होती आणि मी मिसिसागात बसून तिला म्हणत होते, 'इकडे असं नाही गं होत.' पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, टोरोंटोतल्या ऑन्टारिओ प्लेस या सरोवरकाठच्या सार्वजनिक उद्यानाच्या पश्चिम बेटावर यंत्रं आली. सकाळपर्यंत आठशेहून जास्त झाडं गेली होती. तिथे थर्म या कंपनीचं जलविहार-स्पा होणार आहे, ९५ वर्षांच्या भाडेकरारावर, आणि तो करारही त्याच आठवड्यात लोकांसमोर आला. २०२३ च्या डिसेंबरातच कायदा करून या जागेला वारसा कायद्यातून, मूल्यांकनातून आणि बऱ्याचशा दाव्यांतून मोकळं केलं होतं. म्हणजे झाडं दिवसा तोडायलाही कोणाची आडकाठी नव्हती. तरी रात्रच निवडली. डिसेंबर २०२४ मध्ये आताच्या महालेखापरीक्षक शेली स्पेन्स यांनी म्हटलं, की या जागेसाठी कंपन्या निवडण्याची प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि उत्तरदायी नव्हती. बहिणीने त्या दिवशी मला काही विचारलं नाही. मीच तिला फोन केला नाही.

आणि मग विधेयक ५. एप्रिल २०२५ मध्ये आलं, ४ जूनला मंजूर झालं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ लावायचा तर 'अर्थव्यवस्थेची साखळी सोडून ऑन्टारिओचं रक्षण'. अमेरिकेच्या आयातशुल्काचं संकट खरं आहे. मोटार कारखान्यांत काम करणारी मराठी घरं मला माहीत आहेत, आणि त्यांची झोप उडालेली आहे. पण या विधेयकातलं काय काय त्या संकटाशी जोडलेलं आहे हे मी बरंच शोधलं.

एक कलम बघा. २००७ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात प्राण्याचा 'अधिवास' म्हणजे तो जिथे राहतो, खातो, पिल्लं वाढवतो, ये-जा करतो ते सगळं. तुम्ही तो आखडून आणलात तो बीळ, घरटं किंवा तसाच निवारा आणि त्याच्या लगतची जागा इथवर. समजा कोणी म्हणालं, की तुमचं घर म्हणजे फक्त झोपायची खोली आणि तिचा उंबरा. स्वयंपाकघर नाही, नळ नाही, दुकानाचा रस्ता नाही. त्या खोलीला आम्ही हात लावणार नाही, निश्चिंत झोपा. आमच्या भागातल्या थंड, स्वच्छ ओढ्यांत रेडसाइड डेस नावाचा बोटाएवढा मासा असतो. अंगावर लाल पट्टा. पाण्यावरून उडणारे किडे पकडायला तो पाण्याबाहेर उडी मारतो. त्याचा निवारा कुठला? अख्खा ओढा, त्याच्या काठची सावली आणि तिच्यातले किडे. आणि ४१३ च्या वाटेवर त्याचे ओढे आहेत.

त्याच विधेयकात 'विशेष आर्थिक क्षेत्रं' आली. सरकारने जागा ठरवायची, कंपनी ठरवायची, प्रकल्प ठरवायचा, आणि तिथे प्रांताचे किंवा नगरपालिकेचे कोणते कायदे लागू नाहीत तेही ठरवायचं. एसईझेड हा शब्द रायगड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसमोर उच्चारून पाहा. त्यांनी तो मोठ्या कष्टाने परतवून लावला होता. इथे पहिलं लक्ष आहे उत्तरेकडचं रिंग ऑफ फायर. थंडर बेच्या ईशान्येला काही शे किलोमीटरवर, दलदलीखाली खनिजं आहेत. ती दलदल कार्बन धरून ठेवते, आणि तो प्रदेश आदिम राष्ट्रांशी (फर्स्ट नेशन्सशी) झालेल्या १९०५ च्या नवव्या कराराचा आहे. आदिम राष्ट्रांचे प्रमुख क्वीन्स पार्कच्या, म्हणजे विधिमंडळाच्या, दारात येऊन म्हणाले, आधी आमच्याशी बोला. विधेयक मंजूर झालं आणि बोलणी नंतर करू असं ठरलं. लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखं हे झालं. मग १८ जूनला, सरकारकडे सारखा हात पसरून येऊ नका अशा अर्थाचं तुम्ही बोललात, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितलीत. प्रीमियरसाहेब, ही दुसरी माफी. पहिलीच्या वेळी जमीन तरी परत आली होती. या वेळी कायदा जागचा हलला नाही.

ड्रेस्डेन या छोट्या गावाचं दोन ओळींत. तिथे जुनी कचरापट्टी मोठी करायची होती. गावाने आरडाओरडा केला, तेव्हा २०२४ मध्ये तुमच्याच सरकारने पूर्ण मूल्यांकनाची अट घातली. विधेयक ५ ने ती काढून टाकली. गावाने आता कोणत्या वर्षीच्या सरकारवर विश्वास ठेवायचा?

पाण्याविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही, कारण सगळं शेवटी आमच्या बेसमेंटमध्ये येतं.

एटोबिको क्रीक उगम पावतो कॅलेडनमध्ये, ओक रिजेस मोरेनच्या दक्षिण उतारावर. तिथून ब्रॅम्प्टनमधून, पिअर्सन विमानतळाला वळसा घालून तो आमच्याजवळून ऑन्टारिओ सरोवरात जातो. मोरेन म्हणजे वाळू-गोट्यांचा डोंगर, पाऊस पिऊन हळूहळू सोडणारा. त्यावरच्या शेताला डांबर लागलं की तेच पाणी हळूहळू येत नाही, एकदम येतं, आणि खाली येतं. १६ जुलै २०२४ ला पिअर्सनवर काही तासांत सुमारे ९८ मिलिमीटर पाऊस पडला. डॉन व्हॅली पार्कवेवर गाड्या बुडाल्या, युनियन स्टेशनात पाणी शिरलं. महिन्याभराने, १७ ऑगस्टला, पिअर्सनवरच १२८ मिलिमीटर. पहिल्या पावसात आमच्या बेसमेंटच्या मोरीतून पाणी उलटं आलं, दुसऱ्यात गुडघ्याएवढं झालं. सासूबाईंची शिवणयंत्राची पेटी गेली आणि मुलाच्या लहानपणचे फोटो गेले. विम्याने कार्पेटचे पैसे दिले.

मी २६ जुलै २००५ ला कुर्ल्यात होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि मिठी आमच्या दाराशी. त्यापुढे इथला पाऊस म्हणजे शिंतोडे. पण मिठीचं जे केलं ते एका दिवसात केलं नव्हतं. आधी काठचं खारफुटीचं रान गेलं, मग पात्र अरुंद झालं, मग भराव, मग त्यावर इमारती. दर वेळी कागद नियमात बसवलेला होता. म्हणून मला एका मोठ्या संकटापेक्षा छोट्या छोट्या सवलतींची जास्त भीती वाटते.

ऑन्टारिओला हे कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. ऑक्टोबर १९५४ च्या हेझल वादळात या प्रांतात ८१ माणसं गेली. टोरोंटोत हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावरची ३५. त्यानंतर या प्रांताने ठरवलं, की पूरक्षेत्रात घर नको. संवर्धन प्राधिकरणांनी नदीकाठच्या जमिनी घेतल्या आणि तिथे बागा ठेवल्या. आज आपण ज्या रॅव्हिनमध्ये, म्हणजे ओढ्याकाठच्या घळींत, फिरायला जातो त्यातल्या कित्येक त्या मृत्यूंच्या बदल्यात मिळालेल्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये विधेयक २३ ने याच प्राधिकरणांचा बोलण्याचा अधिकार छाटला, आणि २०२५ च्या शरदात ३६ प्राधिकरणांची ७ करण्याचा प्रस्ताव आला. प्रत्येक ओढ्याला ओळखणारं माणूस जवळ असावं, म्हणून ती नदीखोऱ्यांप्रमाणे नेमलेली होती.

तुम्ही म्हणाल, फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांनी मला तिसऱ्यांदा बहुमत दिलं. दिलं, मान्य. मतदानाला आले सुमारे ४५ टक्के. पण आकडा त्याहून मोठा असता तरी माझा मुद्दा तोच राहिला असता. मत म्हणजे कोरा धनादेश नव्हे. माझ्या धंद्यात कोऱ्या धनादेशावर सही करणाऱ्या अशिलाला आम्ही पहिल्या भेटीतच झापतो.

मागण्या साध्या आहेत.

एक. स्वतंत्र पर्यावरण आयुक्ताचं कार्यालय परत आणा. विधिमंडळाने नेमलेला, मंत्र्याला न घाबरणारा.

दोन. विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा रद्द करा. रिंग ऑफ फायरमधला एकही रस्ता तिथल्या आदिम राष्ट्रांनी आधी, मोकळेपणी संमती दिल्याशिवाय काढू नका. नंतरची चर्चा संमती ठरत नाही.

तीन. अधिवासाची २००७ ची व्याख्या परत आणा. महामार्ग ४१३ आणि ड्रेस्डेनला पूर्ण मूल्यांकन लावा. ४१३ हवाच असेल तर सेकंदांची आणि मिनिटांची वही एकाच टेबलावर उघडा. मी विनामूल्य तपासून देईन, हे गंमत म्हणून म्हणत नाही.

चार. सरकारी काम सरकारी फोनवर आणि सरकारी पत्त्यावरच व्हावं, आणि कागद नष्ट करणाऱ्याला दंड व्हावा. हरितपट्ट्याच्या प्रकरणात राजकीय कर्मचाऱ्यांनी ईमेल पुसल्याचं आणि खासगी पत्ते वापरल्याचं लेखापरीक्षकांनी नोंदवलं. शिवाय कागदांत हरितपट्ट्याला 'जी' आणि पुढे एक तारांकन असं सांकेतिक नाव होतं. संगणकावर शोध घेताना तारांकनाचा अर्थ 'काहीही' असा होतो, म्हणजे हे नाव शोधायला गेलं तर जी-पासून सुरू होणारी सगळी दुनिया समोर येते. ज्याने ते सुचवलं त्याच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते, आणि तिथेच पोटात गोळा येतो.

पाच. संवर्धन प्राधिकरणांना त्यांचा आवाज परत द्या, आणि खोऱ्याप्रमाणेच राहू द्या.

सहा. हरकतींवर उत्तर द्या. ३५,००० जणांना वेगवेगळं नको. पण निर्णयाबरोबर एक कागद लावा, की लोकांनी मुख्यत्वे हे म्हटलं, आम्ही यातलं हे मानलं, हे मानलं नाही, आणि का नाही. मुंबईत महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकत घेतली की निदान सुनावणीला बोलावतात. लाकडी बाकावर चार तास बसवतात, पंखा बंद असतो, पण बोलावतात.

सातवी मागणी म्हणून तिसरी माफी मागू नका, ही विनंती.

नव्या लोकांसाठी घरं बांधायची असतील तर ती मिसिसागातल्या अर्ध्या रिकाम्या मॉलच्या पार्किंगवर बांधा, बसच्या आणि रेल्वेच्या रस्त्यांवर चार-सहा मजली बांधा. आमच्या लोकांना अंगणापेक्षा स्टेशनजवळचं घर आवडतं, चाळीत वाढलेलो आहोत आम्ही. मंडळात यावर हात वर करायला सांगितलं तर किती हात वर येतील हे मला साधारण माहीत आहे. पण आम्हाला विचारायला कोणी आलेलं नाही. आमचं नाव मात्र वापरलं गेलं.

पर्यावरणाच्या नोंदवहीवर सध्या कोणते प्रस्ताव उघडे आहेत ते मी दर रविवारी पाहते. मंडळातल्या अकरा जणींना हरकत कशी नोंदवायची ते शिकवलं आहे. त्यातल्या एकीने मराठीतच लिहून पाठवली, म्हणाली, वाचणारच नसतील तर कष्ट करून इंग्रजीत कशाला लिहू? मी तिला इंग्रजीत करून दिली.

या पत्राची इंग्रजी प्रत रजिस्टर टपालाने क्वीन्स पार्कला पाठवली आहे. तिची पावती माझ्याकडे आहे, आणि ती माझ्याच नावाची आहे.

आपली,
एक हरकतदार,
मिसिसागा